अंगठा कोणाचा, सही कोणाची?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवूं नये, हा धडा सावकारानें आपणांस पुरता शिकविला आहे. परंतु आतां जमिनीहूनही जवळची वस्तु कागदावर चढूं लागली आहे. ती म्हणजे आपलें शरीर. औषधें व लसी करणारे मोठमोठे कारखानदार सांगतात कीं, आमच्या प्रयोगांत व धंद्यांत सर्व वर्णांच्या व सर्व थरांच्या स्त्रीपुरुषांचा समावेश झाला पाहिजे. बोलणें गोड आहे. पण समावेश देण्यापुरता कीं पंगतीसही, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत हेन्रिएटा लॅक्स नांवाची काळी बाई तंबाखूच्या शेतांत राबून वाढली. तिचे पूर्वज गुलाम होते. १९५१ सालीं, अवघ्या ३१ व्या वर्षीं, ती गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनें वारली. इस्पितळांत तिच्या गांठीचा तुकडा तिला न विचारतां काढून ठेवला होता. त्यांतील पेशी मेल्या नाहींत, वाढतच राहिल्या. त्यांवर पोलिओची लस पारखली गेली, पुष्कळ शोध लागले, त्या विकून धंदे उभे राहिले. तिच्या मुलांस मात्र वीस वर्षें याचा पत्ता नव्हता. कोर्टांत गेल्यावर एका कंपनीनें तडजोड केली ती २०२३ सालीं, म्हणजे ७२ वर्षांनीं!

पोलिओच्या कामासाठीं ह्या पेशी वाढविल्या कोणीं? १९५३ पासून टस्कीगी येथील काळ्यांच्या विद्यालयांतील काळ्या शास्त्रज्ञांनीं. अक्कल ही कांहीं गोऱ्या कातडीची मिरास नव्हे. संधि मिळाली तेथें ती दिसली.

पुढची गोष्ट आपल्या देशाची. त्याच कॅन्सरच्या मुळाशीं असलेला विषाणु जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं हुडकला. लॅक्सबाईच्या पेशींतही तो आढळला. पुढें त्यावर लस झाली. २००९ सालीं ती तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील खम्मम व गुजरातेंतील बडोदें ह्या जिल्ह्यांत मुलींना टोचण्याची एक योजना निघाली. खम्ममच्या पुष्कळ मुली आदिवासींच्या, वसतिगृहांत राहणाऱ्या. २०१० सालीं योजना थांबविण्यांत आली. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालांत नमूद आहे कीं, आंध्रांतील ९,५४३ संमतिपत्रांपैकीं २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांनींच सह्या केल्या होत्या.

लस वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या रोगानें लॅक्सबाई गेली त्यापासून आमच्या लेकी वांचाव्या, हीच आमची इच्छा. दोष न विचारण्याचा आहे. आम्ही स्वतः शाळामास्तर. आईबापांच्या जागीं सही करण्यास मुख्याध्यापकांस व अधीक्षकांस सांगण्यांत आलें, हें वाचून आमची मान खालीं गेली. आईबाप मूल शिकण्यास धाडतात; त्याचें शरीर कांहीं मास्तरास लिहून देत नाहींत.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. तेथील गुलामांचें व येथील शूद्रातिशूद्रांचें दुःख एकाच जातीचें, हें त्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें.

म्हणून आमचें मागणें सरळ आहे. प्रयोगाचा कागद आपल्या बोलींत वाचून दाखविल्याशिवाय व शंका फिटल्याशिवाय कोणीही अंगठा देऊं नये. नको म्हणण्याचा हक्क आपला आहे. औषधांच्या प्रयोगांस परवानगी देणाऱ्या नीतिसमितींत एक सामान्य माणूस असावाच लागतो, असा आपल्या देशांत नियम आहे. ती खुर्ची शोभेची राहूं नये. तेथें प्रश्न विचारणारें माणूस बसावें. आणि आपल्या मुलामुलींस विज्ञान शिकवा. नांगर धरणाऱ्याची मुलगी प्रयोगशाळेंत सुई टोचून घेण्यापुरतीच न जातां तेथें प्रयोग करावयास जाईल, तेव्हांच समावेश हा शब्द आम्ही खरा मानूं.