एकट्या तुपावर आळ नको

पश्चिम रेल्वेच्या डॉ. एस. एल. मल्होत्रांनी १९६७ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तूप-दूध भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडच्यांपेक्षा दक्षिणेकडच्यांत हृदयविकार कितीतरी जास्त आढळला. एवढ्याने तूप निर्दोष ठरत नाही, पण हिशेब सरळ नाही हे नक्की. अमेरिकेनेही २०१५-२०च्या आहार-शिफारशींतून कोलेस्टेरॉलची रोजच्या ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-मलकापुरात पहिला दोष वरणावरच्या तुपालाच का? वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट निःसंशय घातक. २०२२पासून भारतात तिला २ टक्क्यांची मर्यादा आहे. रक्तातल्या एलडीएल कोलेस्टेरॉलचा धोकाही खराच, त्यामुळे त्यावरच्या गोळ्या परस्पर थांबवू नयेत. जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत मात्र तुपाआधी तंबाखू, रक्तदाब आणि साखरेची चौकशी व्हायलाच हवी.