बोल्टच्या डोक्यावरचे आकडे

गेल्या महिन्यात आईला घेऊन निपाणीला निघालो होतो. तवंदी घाटात ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून खटखट ऐकू येऊ लागली. कशीबशी गाडी गॅरेजपर्यंत आणली. मेस्त्रीने चाक उतरवले तर ब्रेकचा कॅलिपर धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक तुटलेला, दुसरा ढिला.

"सर, हा गेटचा बोल्ट गाडीला कुणी घातला?"

काय सांगणार! पंधरा दिवसांपूर्वी खडेबाजारातून तो मीच आणून दिला होता. जाडी जुळली, आटे जुळले, वर छान चकाकत होता. एम.ए. झालेल्या माणसाला आणखी काय बघायचे असते?

परत आल्यावर दोन्ही बोल्ट खिशात टाकून पुन्हा खडेबाजार गाठला. दुकानातल्या आजोबांनी चष्मा सरसावला आणि म्हणाले, "इदु गेटिगे सरि, गाडिगे बेड." मग मूळ बोल्टचे डोके फडक्याने पुसून दाखवले. त्यावर १०.९ असे कोरलेले होते. माझ्या बोल्टचे डोके कोरे.

त्या आकड्यांचा हिशेब सोपा आहे. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसून बोल्ट तुटेल ते कळते. १०.९ म्हणजे १००० न्यूटन. पॉइंटनंतरचा ९ सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत बोल्ट ताणून पुन्हा मूळ लांबीवर येतो. दहा मिलिमीटरचा असा बोल्ट जवळपास ६ टन ओढ सोसतो. साधा ४.६ चा तेवढाच जाड बोल्ट अडीच टनांच्या आतच तुटतो. स्टीलच्या चकाकीवरही जाऊ नये. ए२-७० या स्टेनलेस बोल्टची ताकद ७०० न्यूटन, म्हणजे ८.८ पेक्षाही कमी.

कन्नडमध्ये 'गट्टी' म्हणजे मजबूत आणि आपले 'घट्ट' म्हणजे आवळलेले. माझी गफलत नेमकी इथेच झाली. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणतो, आणि त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. कच्चा बोल्ट तेवढ्याच जोराने आवळला तर कायमचा लांबतो. पाना घट्ट लागतो, पकड मात्र जाते.

आजोबांनी १०.९ चे दोन बोल्ट दिले आणि बजावले, मेस्त्रीला टॉर्क पाना वापरायला सांगा. आईला अजून वाटते, खटखट दगडाची होती. मीही काही बोललेलो नाही.