इराण्याकडचा ब्रून-मस्का

दोस्तांनो, घरी पाव कडक निघाला की आपण तोंड वाकडं करतो. इराण्याकडे मात्र मुद्दाम कडकच मागायचा! त्याचं नाव ब्रून. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, मधे कापून भरपूर मस्का. चहात बुडवा नि लगेच तोंडात टाका. उशीर केलात तर तुकडा कपाच्या तळाशी गेलाच म्हणून समजा!

हे इराणी आले कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नि विसाव्याच्या सुरुवातीस इराणच्या यझ्द, केरमान भागांतून बरेच झरतुष्ट्री लोक पोटासाठी मुंबईत आले. कोपऱ्यावर दुकान, संगमरवरी टेबलं, स्वस्त चहा. गिरणी कामगार, वकील, कॉलेजकुमार, सगळे शेजारी-शेजारी बसत. धोबीतलावची 'कयानी' १९०४ साली सुरू झाली. एके काळी अशी हॉटेलं नाक्यानाक्यावर होती, आता मोजकीच उरलीत.

तेव्हा या सुट्टीत आजी-आजोबांना घेऊन एखाद्या इराण्याकडे जाच. त्यांच्या लहानपणी चहा कितीला मिळायचा, सोबत कोण असायचं, विचारा. ब्रून संपेल, गोष्टी संपायच्या नाहीत.

बिल मात्र आजोबांनाच देऊ द्या, बरं का!