फुकट ते पौष्टिक?

फुकट ते पौष्टिक, असे आपल्याकडे म्हणतात. एकावर एक फुकट म्हटले की गरज नसलेली चादरही आपण घरी आणतो. भाजीवालीने वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या नाहीत, तर तिचा व्यवहार आपल्याला कोरडा वाटतो. अशा आपल्या समाजातील लाखो लोकांनी एकदा फुकटाच्या इंटरनेटला विरोध करणारी पत्रे धाडली, हे सांगून कोणाला खरे वाटायचे नाही. पण तसे घडले आहे, आणि त्यात आपलाच फायदा झाला आहे.

गोष्टीची सुरुवात 2014 च्या डिसेंबरातली. इंटरनेटवरून फोनवर बोलायचे असेल तर डेटाचे वेगळे पैसे पडतील, असे एअरटेलने जाहीर केले. ओरड झाली, तेव्हा काही दिवसांतच बेत मागे घेतला गेला. आता पाहा, आपल्या घरी वीज येते. किती युनिटे जाळली, एवढेच वीज कंपनी विचारते. त्या विजेवर मिक्सर फिरला की देवघरातला दिवा लागला, आणि मिक्सर कोणत्या कंपनीचा, याची चौकशी ती करत नाही. इंटरनेटचेही तसेच असावे. जास्त वापरले तर जास्त पैसे घ्या, पण काय वापरले यावरून दर किंवा वेग बदलू नका. ‘नेट न्यूट्रॅलिटी’ या भारदस्त नावाचा अर्थ एवढाच.

पुढे 2015 च्या मार्चमध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या विषयावर लोकांची मते मागवली. मसुदा शंभराहून अधिक पानांचा, भाषा सरकारी. पण महिन्याभरात दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले.

मग आली फुकटाची पाळी. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीने आणलेल्या योजनेचे ‘फ्री बेसिक्स’ असे बारसे झाले. ठरावीक संकेतस्थळे पाहायला डेटाचे पैसे नाहीत. बाहेर पाऊल टाकले की मीटर सुरू. ज्यांनी इंटरनेट पाहिलेच नाही त्यांना त्याची ओळख व्हावी, हा सांगितलेला हेतू. तो खरा मानू. तरी एक प्रश्न उरतोच: ताट फुकट खरे, पण त्यात काय वाढायचे ते कोण ठरवणार? कोणाला आत घ्यायचे याच्या अटी फेसबुकने घातलेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, आम्हांला काय त्याचे? आमचे काम भागल्याशी कारण. पण एखादी गृहिणी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेण्यासाठी संकेतस्थळ काढते, एखादे मास्तर गणिताचे धडे मराठीतून देऊ लागतात. त्यांचे पान उघडायला पैसे पडतात आणि बड्या दुकानाचे फुकट उघडते, तर गिऱ्हाईक कुठे जाईल? आणि ही लूट दिसत नाही, हेच तिचे वाईट. खिसा कापला तर रात्री तरी कळते. जे आपल्यापर्यंत पोचलेच नाही, त्याची हळहळ कोण करणार? आपण समजत राहतो की जगात एवढेच आहे.

डिसेंबर 2015 मध्ये ‘फ्री बेसिक्स’च्या बाजूने वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती झळकल्या. फेसबुक वापरणाऱ्यांच्या हाती तयार मजकुराची पत्रे देण्यात आली, आणि तीही लाखांनी गेली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत आणि हे मतमोजणीचे काम नव्हे, असे ट्रायने फेसबुकला सुनावले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी निर्णय झाला: मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. मोडल्यास रोजचा दंड 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख रुपये. 2018 मध्ये सरकारने पुढचे पाऊलही मान्य केले: कोणाचा मजकूर अडवायचा नाही, कोणाचा मुद्दाम रखडवायचा नाही, कोणाला पुढे काढायचे नाही. अपवाद ठेवले ते काही विशेष सेवांसाठी आणि वाहतूक सांभाळण्याच्या वाजवी उपायांसाठी.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. तारा, मनोरे, लहरींचे लिलाव, सगळ्याला पैसा लागतो. तो त्यांनी आपल्याकडून उघड दराने जरूर घ्यावा. पण रस्ता बांधणाऱ्याने टोल घेणे वेगळे आणि कोणत्या दुकानाकडे जाणारी गाडी आधी सोडायची हे ठरवणे वेगळे.

आता झाले गेले, म्हणून निवांत राहावे काय? अमेरिकेकडे पाहावे. तिथे असे नियम 2015 मध्ये झाले, 2017 मध्ये रद्द ठरले, 2024 मध्ये पुन्हा आले आणि 2025 च्या जानेवारीत न्यायालयाने ते मोडीत काढले. नियम कागदावर असतो आणि कागद बदलता येतो. आपल्याकडे तो झाला, कारण साध्या माणसांनी वेळेवर चार ओळी लिहिल्या. पुन्हा कधी प्राधिकरणाने मते मागवली, तर ‘मोठ्यांचे काम, आपण कशाला’ असे म्हणून पान उलटू नका. आणि कोणी फुकट काही देऊ लागला, तर घ्यायच्या आधी एवढे जरूर विचारा: बाबा रे, हे फुकट देऊन तू बंद काय करतो आहेस?