गर्दीचें खापर

एखाद्या प्रश्नाचें उत्तर देणें अवघड झालें म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींस एक वाक्य हटकून आठवतें : ‘काय करणार, लोकसंख्याच इतकी वाढली आहे!’ चाकणच्या चौकांत तासभर मोटार अडली, लोकसंख्या. नळास पाणी आलें नाहीं, लोकसंख्या. आळंदीस इंद्रायणीवर फेंस तरंगूं लागला, तरी लोकसंख्याच. या वाक्याची मोठी सोय अशी कीं, तें उच्चारणारा स्वतः त्या लोकसंख्येंत कधींच मोजला जात नाहीं. वाढलेले ते दुसरे. आपण आहोंत तेवढेच! हें वाक्य अर्धें खरें आहे, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक घातक वाटतें.

खरा अर्धा भाग आम्ही नाकारीत नाहीं. १९२७ च्या सुमारास जगांत २०० कोटि माणसें होतीं. १५ नोव्हेंबर २०२२ रोजीं तीं ८०० कोटि झालीं असें संयुक्त राष्ट्रसंघानें जाहीर केलें. आपल्या देशांत १९०१ सालीं सुमारें २४ कोटि लोक होते, ते २०११ च्या खानेसुमारींत १२१ कोटि भरले. पण हें घडलें कशानें? लोक पूर्वींपेक्षां अधिक मुलें जन्मास घालूं लागले म्हणून काय? वाचकांनीं आपल्या पणजीचीं बाळंतपणें आठवून पाहावीं. आठ-दहा मुलें होत, आणि त्यांतलीं तीन-चार हातीं लागत. १९११ ते १९२१ या दशकांत घरोघर पाळणे हालत असूनहि देशाची लोकसंख्या किंचित् घटली. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझानें पाळणे आणि माजघरें दोन्ही रिकामीं केलीं. त्या काळीं सरासरी आयुर्मान विसांच्या आसपास होतें, आज तें सत्तरांच्या घरांत आहे. माणसें मरेनाशीं झालीं, एवढाच या भयंकर वाढीचा मुख्य अर्थ आहे.

तो अर्थ शोधण्यास चाकण-पिंपरीच्या पट्ट्याबाहेर जाण्याचेंहि कारण नाहीं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. ज्या मुलास फुप्फुसाच्या दाहानें नेलें असतें तें जगलें, वाढलें, त्याचा संसार झाला. ही वाढ ज्यांस आपत्ति वाटते त्यांनीं, आपल्या घरांतलें कोणतें मूल त्या वेळीं गेलें असतें तर बरें झालें असतें, तें एकदां सांगून टाकावें.

शिवाय ही तक्रार शिळी झाली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें सरासरी १.७ मुलें होतात. लोकसंख्या कायम राखण्यास सुमारें २.१ लागतात. म्हणजे जी गोष्ट व्हावी म्हणून आपण व्याख्यानें झोडतों ती बायकांनीं घरांत निमूटपणें करून टाकली आहे. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें, तेव्हां त्यांस अश्लील ठरविणारे पांढरपेशेच होते. आज त्यांचेच नातू-पणतू मजुरांस छोट्या कुटुंबाचा उपदेश करितात, हा योग मौजेचा आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्यामुळें माणूस ग्रामपंचायतीच्या सभासदत्वास अपात्र ठरावा, असा कायदा आपण केला. कारखान्याबरोबर येणाऱ्या हजारों माणसांच्या पाण्याची व्यवस्था करावयाची राहिली तर कोण अपात्र ठरावा, हें मात्र आपणांस सुचलें नाहीं.

आतां कुरुळीकडे वळूं. खेड तालुक्यांतलें, पुणें-नाशिक रस्त्यावरचें, मोशी सोडून चाकणकडे निघालें म्हणजे लागणारें हें गांव. चाकणचें नांव पूर्वीं कांद्याच्या बाजारासाठीं घेत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तें मोटारींच्या कारखान्यांसाठीं घेतात. या पट्ट्यांतली गर्दी पाळण्यांतून आलेली नाहीं, याचा पुरावा सरळ आकड्यांत आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्के वाढली. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवडची सुमारें दहा लाखांवरून सतरा लाखांच्या पलीकडे गेली. कोणत्याहि जातीधर्माच्या बायकांस दहा वर्षांत एवढीं मुलें होऊं शकत नाहींत! तीं माणसें बीड-लातुराहून, विदर्भांतून, उत्तरप्रदेश-बिहारांतून आलीं, आणि तीं बोलाविल्यावांचून आलीं नाहींत. कारखान्यांस हात हवे होते. हातांबरोबर तोंड आणि पोट येतें, हें कारखाने आणणाऱ्या सरकारास ठाऊक नव्हतें असें कसें मानावें?

आणि या माणसांची मोजदाद? २०२१ ची खानेसुमारी झालीच नाहीं. पंधराव्या वित्त आयोगानें स्थानिक संस्थांच्या अनुदानासाठीं २०११ ची लोकसंख्या धरली. स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांची संख्याहि २०११ च्याच आंकड्यांवर बेतलेली. म्हणजे २०११ नंतर आलेला कामगार रस्त्यावर गर्दी करितो, पाणी पितो, गाड्या बनवितो, पण निधीच्या हिशेबांत तो जन्मलेलाच नाहीं. ज्यांस लोकसंख्येची एवढी धास्ती त्यांनीं आधीं ती मोजण्याचा आग्रह धरावयास नको काय? अशा गांवांच्या ग्रामपंचायतींकडे निधि येतो जुन्या गांवाचा, आणि गटारें बांधावयाचीं असतात नव्या शहराचीं.

पुढील मोजणीसाठीं १ मार्च २०२७ ही तारीख सरकारनें ठरविली आहे. मोजणीदार कुरुळीस पोंचेल तेव्हां एका खोलींत चौघे राहत असतील, त्यांतले दोघे पाळीवर गेलेले असतील, तिसरा दिवसाची झोंप काढीत असेल, आणि खोलीचा मालक भाड्याची नोंद टाळण्यासाठीं ‘येथें दोघेच राहतात’ असें सांगण्यास दारांत उभा असेल. त्या मोजणीदारानें तेथून पुढें न जातां झोंपलेल्यास उठवावें, आणि पाळीवरच्या दोघांचीं नांवें त्याजकडून लिहून घ्यावीं, एवढी आज्ञा त्यास आजच कोणीतरी द्यावी.