बायपासच्या खिडकीतून विरार-अलिबाग

मी मुंब्र्यात राहतो. रात्री खिडकी उघडली की बायपासवरच्या कंटेनरचे ब्रेक ऐकू येतात. न्हावा शेवा बंदरातला माल भिवंडीच्या गोदामांकडे, पुढे नाशिक-गुजरातला याच वाटेने जातो. 2018 मध्ये दुरुस्तीसाठी हा बायपास काही महिने बंद होता, तेव्हा ठाणे-ऐरोलीपर्यंत वाहने तुंबली. आमच्या धंद्यात सगळा भार एकाच सर्व्हरवर टाकणाऱ्याला कामावरून काढतात.

म्हणून विरार-अलिबाग मार्गाला सरसकट विरोध करणे मला पटत नाही. सुमारे 126 किलोमीटरचा हा नियोजित रस्ता वसई-विरार, भिवंडी, कल्याण, पनवेल, उरण जोडणार आहे. बंदर आणि नवी मुंबईचा विमानतळ, दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. कंटेनर तिकडे गेले तर मुंब्रा सुटकेचा श्वास घेईल.

माझी काळजी दुसरीच आहे. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. 21.8 किलोमीटर, त्यातले सुमारे 16.5 समुद्रावर. अभियंता म्हणून मी थक्क झालो. पण दुचाकी आणि रिक्षाला तिथे मनाई, आणि सुरुवातीपासून कारला एका फेरीचा टोल 250 रुपये. इतक्या वेगाच्या पुलावर दुचाकी नको, हे मान्य. मग ज्याच्याकडे फक्त दुचाकीच आहे त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून भरपूर बस हव्या होत्या. त्या नंतर आल्या, त्याही मोजक्या. शिवाय पूल सुरू होतो शिवडीला. गोवंडी-मानखुर्दच्या मुलाला आधी उलटे दक्षिणेला जावे लागते. त्याला जुना वाशी पूलच बरा.

विरार-अलिबागला 'मल्टिमोडल' म्हणतात, कारण मूळ कल्पनेत रस्त्याच्या मधोमध बस किंवा मेट्रोसाठी वेगळी जागा आहे. खर्च वाढला की पहिली कात्री अशाच जागेला लागते. विमानतळावर लोडर, सफाई, केटरिंगची कामे आपल्या मोहल्ल्यातली पोरे मागणार आहेत. पहाटेच्या शिफ्टला ती पोहोचणार कशी?

अशा प्रकल्पांच्या बाबतीत आपण फक्त जमीन जाते तेव्हा जागे होतो. ज्याची जमीन जाते त्याने पुरेसा मोबदला मागावाच, त्यात लाजायचे काय! पण रस्ता भाडेकरूचाही असतो. मधली जागा बससाठी राखली आहे का, इंटरचेंजवर बसथांबा आहे का, मुंब्र्याहून तिथवर टीएमटीची बस जाणार का, हे तीन प्रश्न मी लेखी देतो आहे. मसुदा मराठी आणि उर्दूत तयार आहे. सही करायला सातबारा लागत नाही.