दुसऱ्या क्रमांकाचा पगार

आकडेवारीच्या, म्हणजे हल्लीच्या भाषेत डेटाच्या, नोकरीसाठी मुलाखती घेणाऱ्या मंडळींना एक प्रश्न फार प्रिय आहे : 'पगाराच्या तक्त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढून दाखवा.' ज्या पगारासाठी उमेदवार आलेला असतो, तो मात्र त्याला शेवटच्या फेरीपर्यंत सांगायचा नाही! मी उलट विचारले, "सर्वांत मोठा पगार दोघांना सारखाच असेल, तर दुसरा कोणता मानायचा?" "वेळ घालवू नका," असे उत्तर मिळाले. वस्तुतः त्या प्रश्नात विचारण्याजोगे तेवढेच आहे. 'रँक' वापरले तर बरोबरीच्या दोघांनंतर एकदम तिसरा क्रमांक येतो, दुसरा रिकामाच राहतो; 'डेन्स रँक' वापरले तर तो भरतो. कोणते हवे ते विचारल्यावाचून कळत नाही. न विचारता उत्तर ठोकून देणारा उद्या कचेरीत काय दिवे लावील, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी दौलताबादचा. आमच्या किल्ल्यात खंदक आहे, वाट चुकवणारी अंधारी आहे. पण ती करणाऱ्यांना परका माणूस आत यायलाच नको होता! हे लोक जाहिरात देऊन माणसे बोलावतात आणि मग चार-चार फेऱ्यांची अंधारी उभी करतात.

म्हणे, अर्जांचा ढीग पडतो, चाळणी हवीच. हवी ना! पण चाळणीचेही शास्त्र आहे. आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या नमुन्यांबाबत 1946 साली दाखवून दिले, की फार लहान तुकडा कापला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण कडेवरची रोपे आत धरली जातात, आणि लहान तुकड्याला कडच फार. पाऊण तासाची मुलाखत हा असलाच तुकडा. पाठ केलेली कड हिरवीगार दिसते, आतल्या शेताचा पत्ता नाही. नमुना-शास्त्रावर पोट भरणाऱ्यांनी स्वतःचा नमुना असा घ्यावा!

आणि ती घरी करायची 'चाचणी'? मला एका कंपनीने गिऱ्हाइकाची खरीखुरी विस्कळीत आकडेवारी दिली. दोन दिवसांत साफ करून, तक्ते काढून मागितली. मी दिली. पुढे होकार नाही, नकारही नाही. याला जुन्या मराठीत वेठ म्हणतात. चाचणी घ्यायचीच तर अर्ध्या दिवसाची घ्यावी, तिची मजुरी द्यावी, पगाराचा आकडा जाहिरातीत छापावा, आणि नकाराची दोन ओळींची चिठ्ठी तरी धाडावी.

त्या दोन दिवसांचे बिल मी कंपनीला रीतसर पाठवले आहे. पोच अद्याप आलेली नाही.